पिवळ्यावरचा राखाडी

मी रंगारी. घरांच्या भिंती रंगवणारा नव्हे, अणुवीज केंद्राचा रंगारी. एकतीस वर्षं मी त्या प्लांटमध्ये ब्रश चालवला. लोकांना वाटतं अशा ठिकाणी सगळं शास्त्रज्ञच करतात, तिथे रंगाऱ्याचं काय काम? अरे बाबांनो, पाइपांवरचे पट्टे, भिंतींवरचे बाण, पायऱ्यांच्या कडा, फरशा, सगळं आम्ही रंगवलेलं. कुठे थांबायचं, कुठे बूट बदलायचे, कशाला हात लावायचा नाही, हे तिथे रंग सांगायचा आणि माणसं निमूट ऐकायची. हे आज कुणाला सांगायला गेलं की तो घड्याळाकडे बघतो.

मी रिटायर झालो आणि दोन वर्षांत प्लांट बंद झाला. आता तो मोडायला काढलाय. बांधायला सात वर्षं लागली होती, मोडायला म्हणे पंचवीस लागणार. त्यासाठी वेगळं ऑफिस, वेगळे साहेब, भिंतभर वेळापत्रक. आणि माझी धाकटी मुलगी त्या मोडणीच्या टोळीत काँक्रीट फोडायच्या मशीनवर आहे. थोरली शिकून लांब गेली. धाकटी माझ्यावर गेली, हाताला काम नसलं की हिचं डोकं फिरतं. मला तिचं कौतुक आहे, तिच्या आईला नाही, पण ते भांडण आमच्या घरात रोजचंच आहे.

गुरुवारी संध्याकाळी ती कामावरून आली, पाय पसरून बसली आणि चहाचा पहिला घोट घेऊन म्हणाली, "बाबा, सोमवारपासून पंप हॉलची फरशी फोडतोय. सुटले एकदाची! साध्या मास्कवर काम आहे. त्या फिल्टरवाल्या रबरी तोबऱ्यात जीव नुसता गुदमरतो."

"साध्या मास्कवर? पंप हॉल?" मी विचारलं.

"हो. स्वच्छ आहे ना तो. प्लॅनमध्ये पांढरा दाखवलाय. राडारोडासुद्धा बाहेर रस्त्याच्या भरावाला जाणार आहे."

मी कप असा आदळला की अर्धा चहा टेबलावर गेला. बायको आतून ओरडली, "अहो, कालच धुतलाय टेबलक्लॉथ!" पण माझं लक्ष कुठे होतं?

पंप हॉल म्हणजे अणुभट्टीचे पंप खोलून दुरुस्त करायची जागा. पंप खोलला की आतलं पाणी थोडं तरी सांडणारच, आणि ते पाणी किरणोत्सारी. सांडलं की पुसायचं, घासायचं, पुन्हा धुवायचं. इतकं करूनही काँक्रीटमध्ये मुरलेलं निघालं नाही की मग मला बोलावणं यायचं. मी त्या जागेवर पिवळ्या रंगाचा जाड थर द्यायचो, म्हणजे आतलं आतच बसेल, धूळ होऊन कुणाच्या नाकात जाणार नाही. वर स्टेन्सिलने काळा नंबर. पिवळं दिसलं की तिथे छिन्नी नाही, ड्रिल नाही, काही नाही. आणि आम्हा रंगाऱ्यांचा एक नियम होता, नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला तो घोकून घ्यायला लावायचो: पिवळ्यावर ब्रश नाही. त्या हॉलमध्ये असे अकरा पिवळे होते. अकराही माझ्या हातचे.

"पण मी आठवडाभर तिथे जातेय," धाकटी म्हणाली. "सगळी फरशी राखाडी आहे. पिवळं नावालाही नाही."

"राखाडीच असणार. तो राखाडीही मीच मारलाय."

तिने कप खाली ठेवला. मग मला सगळं सांगावंच लागलं. आमचे तेव्हाचे सुपरिंटेंडंट, त्यांना आम्ही पाठीमागे इस्त्री म्हणायचो. भर दुपारी, पंप उघडे पडलेत, माणसं घामाने निथळतायत, आणि या गृहस्थांच्या शर्टाची घडी मोडलेली नाही. बाहेरून तपासणीचं पथक येणार होतं, त्याच्या आठ दिवस आधी इस्त्री हॉलमध्ये आले, फरशीकडे बघून नाक मुरडलं आणि म्हणाले, "मास्तर, हे काय देवी आल्यासारखं दिसतंय! सगळं एकसारखं करून टाका." मी म्हणालो, "साहेब, पिवळ्यावर ब्रश नाही." तर म्हणाले, "नकाशात नोंद आहे ना? मग फरशीवर प्रदर्शन कशाला?" मी खाली लेव्हलचा लेप भरला, वर राखाडी, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं म्हणून हिरवा, मग तो आवडला नाही म्हणून परत राखाडी. पथक आलं, फरशीची तारीफ करून गेलं.

"आणि तुम्ही केलंत?" धाकटीने विचारलं.

"साहेबांचा हुकूम होता."

"हं," ती म्हणाली. "पण किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरवाल्याने मागच्याच आठवड्यात सगळा हॉल तपासलाय, बाबा. काही वाजलं नाही."

"कसं वाजेल? चार ब्लँकेटं पांघरून झोपलेला माणूस आत कण्हत असला तर तुला दाराबाहेर ऐकू येईल का? तुम्ही ती फरशी फोडाल तेव्हा वाजेल. तेव्हा ते सगळं हवेत असेल, आणि तू त्या हवेत, तोंडाला ते चिंधीसारखं कापड बांधून!"

बायको पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. ती एवढंच म्हणाली, "सोमवारी ही जाणार नाही."

"मी नाही गेले तर दुसरी कुणीतरी जाईल, आई," धाकटी म्हणाली.

शुक्रवारी सकाळी मी इस्त्री न केलेला शर्ट मुद्दाम घालून मोडणीच्या ऑफिसात गेलो. पूर्वी तिथे आमचं कँटीन होतं. आता काचेच्या खोल्या, एसी, कुंडीत प्लास्टिकचं झाड. नियोजनाच्या मॅडम असतील पस्तिशीच्या, केसांत पेन्सिल खोचलेली, टेबलावर फायलींचा डोंगर. मला वाटलं होतं उडवून लावतील. पण त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, "बोला काका" म्हणाल्या आणि खरंच ऐकून घेतलं. सगळं ऐकल्यावर त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

"हा बघा पंप हॉलचा नकाशा. शेवटचा, सही-शिक्क्याचा. यावर कुठेच काही खूण नाही."

मी चष्मा लावला. नकाशा मी लगेच ओळखला. सुरक्षा विभागातल्या म्हाताऱ्या कारकुनाचं ते टपोरं अक्षर, कोपऱ्यात त्याच्या चहाच्या कपाचं गोल वळं. दर वेळी मी पिवळा मारला की तो हा नकाशा उघडायचा, मला विचारून विचारून ती जागा रंगवायचा आणि पेन्सिल कानावर ठेवायचा. नकाशा तोच होता. पण पडद्यावर सगळं कोरं, पांढरं फटक. एक मिनिटभर मला वाटलं, माझंच डोकं सटकलंय.

मग माझ्या लक्षात आलं, त्या पडद्यावर रंगच नव्हता.

"मॅडम, हे स्कॅन ब्लॅक अँड व्हाइट केलंय का?"

"हो, सगळेच तसे केलेत. फाइल लहान होते."

"तो कारकून पिवळ्या पेन्सिलने रंगवायचा."

त्यांनी तो नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, उजेड कमी-जास्त करून बघितला. पिवळी पेन्सिल ती, फिकट. त्या मशीनला कागद आणि पिवळं यातला फरक कळला नाही.

"मूळ कागद कुठे आहेत?" मी विचारलं.

"स्कॅन झाल्यावर..." त्या थांबल्या. "लगद्याला गेले. तसं धोरण होतं. चौदा हजार नकाशे होते, काका."

काय सांगू! तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही तीस-तीस वर्षं तोबरे घालून, घामात भिजून, एक-एक डाग शोधून कागदावर उतरवायचा, आणि यांनी फाइल लहान व्हावी म्हणून तो पुसून टाकायचा! वर मूळ कागद जपून ठेवायचीही अक्कल नाही. एका कारकुनाला विचारलं असतं, एका झाडूवाल्याला विचारलं असतं की बाबा रे, या नकाशांवर महत्त्वाचं काय असतं, तर कुणीही सांगितलं असतं, रंग. पण विचारतो कोण? मी तोंडाला येईल ते बोललो. काचेच्या पलीकडची माणसं माना वर करून बघायला लागली. मॅडमनी मला अडवलं नाही. माझा दम सरल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, "बाकीच्या इमारतींच्या नकाशांवरही पिवळ्याच खुणा होत्या?"

"सगळ्यांवर."

त्यांनी केसांतली पेन्सिल काढली आणि काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात दार उघडून कोण आत आलं असेल? इस्त्री! पांढराशुभ्र शर्ट, बाह्यांना धार. रिटायर झाल्यावर हे आता मोडणीचे सल्लागार. ज्यांनी झाकलं त्यांनाच उघडण्याचा सल्ला देण्यासाठी ठेवलेलं!

"अरे मास्तर! किती दिवसांनी! तब्येत काय म्हणते?"

मी म्हणालो, "तब्येत राहू द्या. पंप हॉलच्या अकरा पिवळ्यांचं बोला."

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. "ती फरशी पूर्ण साफ करून घेतली होती आपण, मगच रंगवली. मला चांगलं आठवतंय."

"साफ झाली असती तर पिवळा मारला कशाला असता, साहेब? हौस होती मला?"

इस्त्री मॅडमकडे वळून गोड हसले. "मास्तर म्हणजे एक नंबरचे कारागीर हं. पण इतकी वर्षं झाली. या वयात एकाचं दुसऱ्यात मिसळतं."

मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान आहे. पण त्यांचं वय म्हणजे अनुभव आणि माझं वय म्हणजे विसराळूपणा!

मॅडमची अडचण मला दिसत होती. प्लॅनमध्ये पांढऱ्या दाखवलेल्या हॉलचा रंग बदलायचा तर त्यांना लेखी पुरावा लागणार. त्यांनी एक छापील फॉर्म काढला, 'माजी कर्मचाऱ्यांच्या आठवणी'. बेचाळीस प्रश्न. कुठल्या साली रुजू झालात, कुठल्या विभागात, कामाचं वातावरण कसं होतं, एखादा संस्मरणीय प्रसंग. रंगाखाली काय आहे, हा प्रश्न बेचाळिसात नव्हता.

"हा भरून द्या, सोबत तक्रार जोडा," इस्त्री म्हणाले. "समितीपुढे जाईल. समिती दर महिन्याला बसते."

"फरशी सोमवारी फुटणार आणि समिती महिन्याने बसणार? अहो, कागद तुम्ही लगद्याला घातलेत आणि आता कागद माझ्याकडे मागता? कागद नाही माझ्याकडे. माझ्याकडे खरवडायची पट्टी आहे. मला हॉलमध्ये न्या, मी दाखवतो."

"बाहेरच्या माणसाला असं आत नेता येत नाही," इस्त्री म्हणाले.

"मी बाहेरचा?" माझा आवाज इतका चढला की माझा मलाच खोकला आला. "एकतीस वर्षं, आणि मी बाहेरचा?"

मॅडम उठल्या. "काका, उद्या सकाळी नऊला या," त्या म्हणाल्या. "पूर्ण पोशाख घालावा लागेल, तोबऱ्यासकट. सर, तुम्हीही या." इस्त्रींना 'सर' म्हणाल्या खऱ्या, पण विचारलं नाही, सांगितलं. बाई मला आवडल्या.

शनिवारी नऊला मी पांढऱ्या पोशाखात, दोन-दोन हातमोजे घालून, तोंडावर रबरी तोबरा आवळून पंप हॉलच्या दारात उभा होतो. सोबत मॅडम, इस्त्री, मीटरवाला, आणि पाण्याची नळी धरायला टोळीतलं कुणीतरी हवं म्हणून धाकटी. तीही तोबऱ्यात. तिचे नुसते डोळे दिसत होते.

हॉल ओळखू येईना. यंत्रं गेलेली, कपाटं गेलेली, धुण्याची टाकी गेलेली, मधली जाळीची भिंत पाडलेली. राहिले होते फक्त खांब, त्यांच्यावरचे माझ्या हातचे आकडे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत राखाडी फरशी. खांब दिसल्यावर जिवात जीव आला. मी तीन नंबरच्या खांबाला पाठ लावली, दाराकडे तोंड करून चार पावलं चाललो आणि खाली बसलो.

"पाणी," मी म्हणालो. धाकटीने जमीन ओली केली, म्हणजे खरवडताना धूळ उडू नये. मी पट्टी तिरपी धरली आणि दाब दिला. असं काम हात विसरत नाहीत. राखाडी सुटला. खाली हिरवा. हिरवा सुटला. खाली जुना राखाडी. मग लेप, तो मात्र ठोकून काढावा लागला. इस्त्री मागे उभे राहून तोबऱ्यातून काहीतरी म्हणत होते की इतकं खोल जायचं कारण नाही. आणि लेपाचा एक तुकडा निघाला तसा आत पिवळा दिसला. काल मारल्यासारखा पिवळाधमक. अजून थोडं खरवडलं तर काळ्या एकचं टोक.

मीटरवाला वाकला. त्याने मीटर त्या तीन बोटांच्या फटीवर धरला मात्र, मीटर तडतडायला लागला. त्याने झटकन हात मागे घेतला.

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला. मी तसाच गुडघ्यावर बसून इस्त्रींकडे वर बघितलं आणि म्हणालो, "मिसळलं का हो साहेब एकाचं दुसऱ्यात?"

मग मी थांबलोच नाही. दोन नंबर सहाव्या खांबाशी, तीन नंबर नवव्या खांबाच्या डाव्या अंगाला. सहा आणि सात भिंतीच्या कडेला, पाइप जिथून बाहेर जातो तिथे. दहा आणि अकरा क्रेनच्या शिडीच्या दोन बाजूंना. सात जागा, सातही जागी पिवळा, सातही जागी तडतडाट. मॅडम प्रत्येक जागेभोवती खडूने गोल काढत होत्या आणि कागदावर मांडत होत्या. सातव्या गोलानंतर त्यांनी खडू खाली ठेवला.

"सोमवारचं काम बंद," त्या म्हणाल्या. "पूर्ण हॉल. एक खिळासुद्धा ठोकायचा नाही." मग इस्त्रींकडे वळल्या. "सर, हे कुणाच्या सांगण्यावरून झाकलं? मला लिहावं लागेल."

इस्त्रींनी जरा विचार केल्यासारखं केलं. "रंगकामाचे रोजचे निर्णय माझ्यापर्यंत येत नसत. ते रंग विभाग ठरवायचा."

रंग विभाग म्हणजे मी आणि दोन मदतनीस!

मी पट्टी घेऊन उठलो. खरं सांगतो, मीटरवाला मध्ये आला नसता तर काय केलं असतं मला माहीत नाही. "देवी आल्यासारखं दिसतंय कोण म्हणालं होतं?" मी तोबऱ्यातून ओरडत होतो. "प्रदर्शन कशाला, कोण म्हणालं होतं? इथे उभं राहून म्हणाला होतात तुम्ही, याच खांबाशी!"

"माझा लेखी आदेश आहे का एखादा?" इस्त्रींनी शांतपणे विचारलं. "असेल तर दाखवा."

नव्हता. कधीच नसतो. अशी माणसं असलं काही लिहून देत नाहीत. चांगलं काम झालं की त्यावर सही यांची, आणि अंगाशी आलं की हात वर.

मॅडम मध्ये पडल्या. "ते नंतर बघू. काका, अकरा म्हणाला होतात. चार राहिले."

"दाखवतो ना," मी म्हणालो.

आणि तिथेच माझं घोडं अडलं. चार, पाच, आठ आणि नऊ. हे चारही मी खांबावरून लक्षात ठेवले नव्हते. पाच होता मोठ्या लेथच्या मागे. लेथ कुठे होतं? आठ धुण्याच्या टाकीसमोर. टाकीचा मागमूस नव्हता, ती काढल्यावर जमीन कुणीतरी सपाट करून टाकली होती. नऊ जाळीच्या भिंतीला लागून, आणि भिंतच नाही. चार तर कशाच्या जवळ होता तेही आठवेना. मी अंदाजाने एके ठिकाणी बसलो, खरवडलं. राखाडी, हिरवा, राखाडी, लेप, काँक्रीट. दुसरीकडे बसलो. काँक्रीट. पाच ठिकाणी खरवडलं, पाचही ठिकाणी कोरडं काँक्रीट. कुठे सांधा दिसेल, कुठे उंचवटा लागेल म्हणून तळहात फिरवून बघितला, पण मी काम असं बेमालूम केलेलं की हाताला काही लागेना. तोबऱ्याच्या काचेवर आतून वाफ धरली. मला समोरचं दिसेनासं झालं.

"जरा आठवा, मास्तर," इस्त्री म्हणाले. त्यात कुचेष्टा होती की नाही, देव जाणे.

धाकटीने नळी बंद केली. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि तिने दाराकडे हात केला. दाराच्या आत दोन पावलांवर फरशीत एक गोल भोक होतं, पंजाएवढं, वर लाकडी झाकण ठेवलेलं.

"बाबा, ते भोक मी पाडलंय. मंगळवारी. फरशीची जाडी बघायला," ती म्हणाली. "साध्या मास्कवर. तिथे होता का एखादा?"

मी त्या झाकणाकडे बघितलं. दारापासून भिंतीपर्यंत बघितलं. डोळे मिटून बघितलं. दाराशी पंप ठेवायची गाडी असायची का? असायची बहुतेक. का ती पलीकडच्या दाराशी असायची?

"माहीत नाही," मी म्हणालो.

"माहीत नाही?"

"आठवत नाही गं. नकाशात होतं सगळं. मी वेगळं कुठे लिहून ठेवलं नाही. साहेब म्हणाले नकाशात आहे, मला वाटलं..."

"साहेब म्हणाले!" ती तोबऱ्यातून इतक्या जोरात बोलली की मॅडम दचकल्या. "काल त्या ऑफिसात तुम्ही सगळ्यांची अक्कल काढलीत, घरी येऊन ऐटीत सांगितलंत. कारकुनाला विचारलं नाही, झाडूवाल्याला विचारलं नाही. आणि तुम्ही? नियम तुमचा, ब्रश तुमचा, घरी येऊन एका वहीत अकरा ओळी लिहायला काय झालं होतं? इतकी वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि मी टोळीत लागले तेव्हाही तुम्ही मूग गिळून बसलात. मग त्या साहेबांत आणि तुमच्यात फरक काय, बाबा?"

माझी मुलगी माझ्याशी असं कधी बोलली नव्हती. आणि मला राग आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा राग यायला हवा तिथे आला नाही. प्लांट मोडायला काढल्यावर एकदा तरी मी त्या ऑफिसात जाऊन सांगायला हवं होतं. मी घरी बसून पेपर वाचत होतो आणि ही ऑफिसातली माणसं मला विचारायला येतील म्हणून वाट बघत होतो. आणि आत कुठेतरी असंही होतं की न आले तर बरं, कारण आले तर मला हे सांगावं लागेल की राखाडी मी मारला.

मी दारापाशी गेलो. झाकण बाजूला केलं आणि भोकाच्या कडेला गुडघे टेकले.

"पाणी," मी म्हणालो. क्षणभर काही झालं नाही. मग नळी सुरू झाली.

कडेपासून दोन बोटं आत पट्टी लावली. राखाडी गेला. हिरवा गेला. राखाडी गेला. लेप इथे पातळ होता, भोकाच्या हादऱ्याने आधीच तडकलेला, बोटानेच निघाला. खाली पिवळा होता. मी हातमोज्याने पुसलं. पिवळ्यावर काळा चार होता, माझ्या स्टेन्सिलचा, त्याचा वरचा अर्धा भाग भोकात गेलेला. ड्रिल बरोबर त्याच्या मधून खाली उतरलं होतं.

मीटरवाल्याने मीटर धरला. तो जे तडतडला ते आधीच्या सातांपेक्षा जोरात. त्याने आकडा वाचला, मॅडमना सांगितला, आणि मग धाकटीला म्हणाला की सोमवारी सकाळी काही खाऊपिऊ नकोस, तपासणीला यायचंय, धूळ छातीत किती गेलीय त्याचं मोजमाप घ्यावं लागेल.

मी पट्टी खाली टाकली. धाकटी खाली वाकली. तिने पट्टी उचलली नाही, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिचा राग गेला नव्हता, तो हात जड होता.

"पाणी लावूनच पाडलं होतं मी भोक," ती म्हणाली. "फारशी धूळ नव्हती उडाली, बाबा."

"फारशी म्हणजे किती?" मी विचारलं.

मी मॅडमकडे बघितलं, मीटरवाल्याकडे बघितलं, इस्त्रींकडे बघितलं. इस्त्री दाराबाहेर जायला वळले होते.

"थांबा साहेब," मी म्हणालो. "मॅडम, लिहा. चार नंबर, दाराशी. कुणी झाकला तिथे आधी माझं नाव घाला. खाली सही मी करतो. कुणी सांगितलं, तिथे यांचं घाला. ते नाही म्हणतील, तर नाही म्हणाले असंही लिहा."

मॅडमनी लिहिलं. मी सही केली, दोन-दोन हातमोज्यांतून, वेडीवाकडी. मग कागद इस्त्रींसमोर धरला. त्यांनी हात मागे घेतले आणि म्हणाले की आधी वकिलाशी बोलावं लागेल. धाकटीने तो कागद माझ्या हातातून घेतला, सगळा वाचला, आणि खाली साक्षीदाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं.